पेवात पडलेली दोन पोरं आणि पाताळाचं दार

ओसरी | मंगळवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, तोही नाइलाजाने.

घरात दोन श्रोते आहेत. थोरला नऊ वर्षांचा, धाकटी साडेपाचची. मागच्या महिन्यात एका रात्री लाइट गेले होते, तेव्हा वेळ घालवायला एक गोष्ट सुरू केली. ती आता गळ्यात पडली आहे. सोनी आणि तिचा आतेभाऊ गण्या सुट्टीत गावच्या वाड्यात जातात. मागच्या अंगणात एक जुनं पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, असतं. लपाछपी खेळताना गण्या त्याच्यावरच्या फरशीवर उडी मारतो, फरशी फुटते, दोघं धाडकन आत. पेवाच्या तळाशी भिंतीत एक भगदाड, भगदाडातून वाट, वाटेच्या टोकाला पाताळ. इथवर सतरा रात्री ओढल्या.

आता थोरल्याने उलटतपासणी सुरू केली आहे. खाली उजेड कुठून येतो? तिथले लोक खातात काय? खोल गेलं की गरम होतं असं शाळेत शिकवलंय, मग ही दोघं उकडून कशी निघाली नाहीत? मी चमकणारी अळिंबी टाकून पाहिली. तो म्हणाला, "आई, हे कार्टूनमधलं आहे." चोरी जागेवर पकडली गेली.

धाकटीचा एकच प्रश्न आहे: "तिथल्या आईचं नाव काय?"

तर मदत करा. बुटके, ड्रॅगन वगैरे नकोत, ते त्यांना पाठ आहेत. आपल्याकडचं काही असेल तर सांगा.

चिंचगूळ | मंगळवार, रात्री ११.५२

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडे सध्या रोज रात्री तीच ती सिंहाची गोष्ट चालू आहे, त्यामुळे हावरटासारखी वाचणार.

कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी ७.१५

ओसरीताई, गोष्ट छान आहे, पण तुमची पोरं पहिल्याच रात्री गेली असती हो. उकाड्याने नाही, हवेने.

मी सांगलीचा. शेजारचं हरिपूर हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध. तिथली माती अशी की पाणी झिरपत नाही, भिंती ढासळत नाहीत. वीस-पंचवीस फूट खोल खड्डा, तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं आणि पोट रांजणासारखं फुगलेलं. हळद भरायची, तोंड बंद करून वर माती लिंपायची. वर्षानुवर्षं कीड लागत नाही, कारण आत हवाच उरत नाही. माल श्वास घेतो, प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड तळाला साचून राहतो. कीड मरते आणि बेसावध उतरलेला माणूसही.

म्हणून पेव उघडलं की लगेच उतरत नाहीत. तोंड मोकळं ठेवून थांबतात. आजोबांबरोबर एकदा बघायला गेलो होतो, तेव्हा मी असेन दहा वर्षांचा. दोरीला कंदील बांधून हळूहळू खाली सोडला. अर्ध्यापर्यंत ज्योत नीट होती. पुढे ती आखडली, काजव्याएवढी झाली आणि गेली. कुणी फुंकलं नाही, वारा नाही, आवाज नाही. मी डोकावायला वाकलो तर पाठीत असा धपाटा बसला की आजही आठवतो. दुपारी पुन्हा कंदील सोडला, तो तळापर्यंत जळत गेला, तेव्हा माणूस उतरला.

२००५ च्या महापुरात पाणी शिरून पुष्कळ पेवं निकामी झाली. आता गोदामं आहेत, शीतगृहं आहेत.

तुमच्या पोरांच्या हातात आधी कंदील द्या. त्यांना पडू देऊ नका, उतरू द्या.

ओसरी | बुधवार, सकाळी ९.०५

काका, अंगावर काटा आला. फरशी फुटणं रद्द. कंदील आत.

काळा_कातळ | बुधवार, दुपारी १.३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, त्यामुळे विस्कळीत असेल.

तुमच्या चिरंजीवांचं बरोबर आहे. साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंश तापमान वाढतं. दक्षिण आफ्रिकेत म्पोनेंग नावाची सोन्याची खाण जवळपास ४ किलोमीटर खोल आहे. तिथला खडक साठ अंशांच्या वर तापलेला असतो, माणसांना काम करता यावं म्हणून वरून बर्फाचा लगदा सोडतात. रशियात कोला द्वीपकल्पावर १२,२६२ मीटर खोल भोक पाडलं, तळाशी १८० अंश निघाले आणि काम थांबलं. भोकाची रुंदी किती? २३ सेंटिमीटर. जेवायच्या ताटाहूनही लहान. आणि पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. म्हणजे आपण अजून आंब्याची सालसुद्धा सोललेली नाही.

जेवणाचा प्रश्न सोपा आहे. रुमानियात १९८६ मध्ये मोविले नावाची गुहा सापडली. सुमारे ५५ लाख वर्षं बाहेरच्या जगापासून तुटलेली. सूर्यप्रकाशाचा किरण नाही, तरी आत कोळी आहेत, गोमा आहेत, जळवा आहेत, पाणविंचू आहेत. बरेचसे आंधळे आणि फिकट. त्यांचं शेत म्हणजे गंधकयुक्त पाण्यावर जगणाऱ्या जिवाणूंची साय. ती साय कुणीतरी खातं, त्याला आणखी कुणीतरी. सूर्याशिवाय स्वयंपाक चालतो.

आपल्या देशातही आहे. मेघालयातल्या जयंतिया टेकड्यांमध्ये एका गुहेत फूटभराहून मोठा आंधळा मासा सापडल्याचं २०१९ मध्ये जाहीर झालं. पण तो चुनखडीचा प्रदेश. पाणी चुनखडक विरघळवतं आणि मैलोन्मैल गुहा होतात. आपला बसाल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा खडक, तसा विरघळत नाही, म्हणून महाराष्ट्रात गुहा म्हटलं की छिन्नी आली.

थोडक्यात, तुमच्या वाड्याखाली पाताळ असणं अवघड आहे. सॉरी.

अळूवडी | बुधवार, दुपारी २.१०

कातळराव, तुम्ही कुणाच्या बारशाला जाऊ नका.

पोथीवाले_आजोबा | बुधवार, संध्याकाळी ६.४५

उजेडाचं उत्तर विष्णुपुराणात आहे. दुसऱ्या अंशात, म्हणजे भागात, सात पाताळांचं वर्णन येतं. नारद खाली फिरून येतात आणि वर देवांना सांगतात की स्वर्गापेक्षा पाताळ सुंदर आहे. तिथे दिवसा सूर्याचा प्रकाश असतो पण ऊन नसतं. रात्री चंद्राचं चांदणं असतं पण गारठा नसतो. बाकी लखलखाट नागांच्या मण्यांचा. झाली की नाही चिरंजीवांची सोय? उजेड आहे, उकाडा नाही.

प्रत्येक पाताळाची जमीनही वेगळी: पांढरी, काळी, तांबूस, पिवळी, वाळूखड्यांची, दगडी आणि शेवटची सोन्याची. भागवतातली नावांची यादी थोडी वेगळी आहे. अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल, पाताळ ही आपल्या तोंडी बसलेली नावं भागवतातली. पोरांना उतरताना जमिनीच्या रंगावरून कळलं पाहिजे की आपण कितव्या मजल्यावर आहोत.

आणि पाताळात गेलेला मुलगा हवा असेल तर उत्तंकाला का विसरता? महाभारतात आदिपर्वाच्या सुरुवातीलाच आहे. गुरुपत्नीने पौष्य राजाच्या राणीची कुंडलं मागितलेली, मुदत चार दिवसांची. कुंडलं घेऊन येताना वाटेत तक्षक ती पळवतो आणि बिळात शिरतो. उत्तंकाकडे काय आहे? काठी. हा पठ्ठ्या काठीने बीळ उकरायला बसतो! इंद्राला दया येते, वज्र त्या काठीत शिरतं आणि वाट होते. खाली नागांचे महाल. एका ठिकाणी दोन बायका मागावर बसून काळ्या-पांढऱ्या धाग्यांचं वस्त्र विणताहेत. सहा मुलं बारा आऱ्यांचं चाक फिरवताहेत. एक पुरुष घोडा घेऊन उभा. तो म्हणतो, या घोड्याच्या मागून फुंकर मार. उत्तंक मारतो. घोड्याच्या अंगातल्या सगळ्या छिद्रांतून धूर आणि ज्वाळा निघतात, नागलोक धुराने भरतो आणि तक्षक मुकाट कुंडलं आणून देतो. शेतात उंदराच्या बिळाला धूर देतात तोच प्रकार.

त्याच घोड्यावर बसून तो घरी पोचतो, तेव्हा गुरुपत्नी न्हाऊन केस विंचरत बसलेली आणि शाप द्यायच्या बेतात!

सहा मुलं म्हणजे सहा ऋतू, काळे-पांढरे धागे म्हणजे रात्र आणि दिवस, हा उलगडा उत्तंकालासुद्धा वर आल्यावर गुरूंकडून होतो. तेव्हा पोरांनाही लगेच सांगू नका. आधी चाक दिसू दे.

चिंचगूळ | बुधवार, संध्याकाळी ७.२०

घोड्याच्या मागून फुंकर!! माझा सहा वर्षांचा हे ऐकून आठवडाभर हसणार आहे. आजोबा, दंडवत.

सरळरेषा | बुधवार, रात्री ८.००

मंडळी, एक वेगळं मत. मण्यांचे नाग, शाप, पाताळ हे सगळं पुन्हा मुलांच्या डोक्यात घालायचंच का? नाग दूध पीत नाही आणि त्याच्याकडे मणीही नसतो, हे समजवायला आपल्या पिढीची वीस वर्षं गेली. कातळरावांनी सांगितलेली गुहा पुरेशी अद्भुत नाही का?

ओसरी | बुधवार, रात्री ८.३५

मुद्दा मान्य आहे, पण आमच्याकडे अंधश्रद्धा पसरायला वावच नाही हो. माझं गिऱ्हाईक दर वाक्याला पुरावा मागतं. घोडा उडतो हे त्याला चालतं, पण उडताना त्याने काय खाल्लं होतं हे सांगावं लागतं.

अळूवडी | बुधवार, रात्री ९.१०

माझ्या आजीच्या तोंडची नागपंचमीची कहाणी सांगते. धाकटीच्या प्रश्नाचं उत्तर कदाचित तिच्यात सापडेल.

एका घरची धाकटी सून. माहेरचं कुणी नाही. श्रावणात सगळ्या जावा माहेरच्या गोष्टी सांगताहेत आणि ही म्हणते, नागोबा माझं माहेर, तोच मला न्यायला येईल. शेषाला तिची दया येते. तो ब्राह्मणाच्या वेषात मामा म्हणून येतो आणि तिला घेऊन जातो. वाटेत खरं रूप दाखवतो, फणीवर बसवतो, वारुळातून खाली नेतो. कुणी चावायचं नाही, अशी सगळ्यांना ताकीद. एके दिवशी नागीण बाळंत होत असते, हिच्या हातात दिवा दिलेला. पिल्लं वळवळताना बघून ही घाबरते, दिवा पडतो, पिल्लांची शेपटं भाजून तुटतात. नागीण चिडते, पण नाग तिला शांत करतो आणि सुनेला भरपूर देऊन सासरी पोचवतो.

पिल्लं मोठी होतात. आपली शेपटं कुणी तोडली, हे आईला विचारतात आणि सूड घ्यायला हिच्या घरी येतात. तो दिवस पंचमीचा. भाऊ आले नाहीत म्हणून ही नागांची चित्रं काढून पूजा करत बसलेली. म्हणते, माझे भाऊ लांडोबा-पुंडोबा जिथे असतील तिथे खुशाल असोत. पिल्लं हे लपून ऐकतात. रात्री राहतात, दूध पितात (सरळरेषा, माफ करा), पहाटे वाटीत नवरत्नांचा हार ठेवून निघून जातात.

हे मी लहानपणी ऐकायचे तेव्हा मला हाराचं काहीच वाटायचं नाही. वारुळाखाली एक बाळंतिणीची खोली आहे, तिथेही कुणीतरी दिवा धरून उभं राहावं लागतं, एवढंच डोळ्यांसमोर यायचं. तिथल्या आईचं नाव आजीलाही माहीत नव्हतं. पण आई होती.

भुसावळ_पॅसेंजर | गुरुवार, सकाळी १०.२०

कातळराव, चुनखडी नसली म्हणून काय झालं, माणसांनी खणलेलं पाताळ आहे की. आमच्याकडून जवळ, सीमेपलीकडे बुऱ्हाणपूरला कुंडी भंडारा आहे. १६१५ च्या सुमाराचा, मोगल सुभेदार रहीम खानखानाच्या काळातला, दोहेवाला रहीम तोच. सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरात आणलेलं. वर शंभराहून अधिक कुंड्या ओळीने, विहिरीच्या तोंडासारख्या. आत उतरलं की कुंडीतून पडणारा उजेडाचा एक गोल, मग अंधार, मग पुढचा गोल. पाणी निवळशंख आणि भिंतींवर क्षारांचे पांढरे थर.

मलिक अंबरने औरंगाबादला केलेली नहर त्याच जातीची. पुण्यात पेशव्यांनी कात्रजहून शनिवारवाड्याला आणलेलं पाणीही जमिनीखालूनच. माझ्या मते गोष्टीतली वाट अशी हवी: थोडा अंधार, मग उजेडाचा गोल. पोरांना पुढच्या गोलापर्यंत पोचायचं असतं.

काळा_कातळ | गुरुवार, दुपारी १.४०

काल अळूवडीताईंचा टोमणा लागला, म्हणून रात्री थोडा विचार केला.

कोयनेच्या परिसरात भूकंपांचा अभ्यास करायला सुमारे ३ किलोमीटर खोल भोक पाडलंय. वरचा साधारण सव्वा किलोमीटर बसाल्ट, लाव्हाच्या एकावर एक पोळ्या. त्या संपल्या की थेट ग्रॅनाइट. आता गंमत बघा. दख्खनच्या या लाव्हा थरांच्या मध्ये ठिकठिकाणी तांबड्या मातीचा पातळ पट्टा असतो. घाटात दरड कापलेली असते तिथे नीट दिसतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात वरचा थर हवेत उघडा पडला, झिजला, त्याची ती माती. म्हणजे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो पट्टा म्हणजे जमीन होती, तिच्यावर पाऊस पडत होता. मग वर पुन्हा लाव्हा आला. आपल्या पायाखाली जुन्या जमिनी घडी घालून ठेवल्या आहेत.

आजोबांच्या यादीतली काळी आणि तांबूस जमीन वाचून मी हसलो. हसायला नको होतं. (योगायोगच आहे, पुराणात बसाल्ट होता असं म्हणत नाहीये. स्क्रीनशॉट काढून फिरवू नका.)

आणि मणी. लाव्हात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात, त्यांत नंतर स्फटिक वाढतात. पुणे, नाशिक, जळगाव भागात विहीर खणताना सुरुंग लावला की कधी कधी अशी पोकळी फुटते. बाहेरून ओबडधोबड काळा दगड आणि आत हिरवट अपोफिलाइट, गुलाबीसर स्टिल्बाइट, कापसासारख्या सुया. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मुलांना नक्की न्या. स्वतःहून चमकत नाहीत, पण पेवातला कंदील आत नेला तर काय होईल सांगा.

अळूवडी | गुरुवार, दुपारी १.५५

शब्द मागे. बारशाला या.

टेम्सकाठी | गुरुवार, दुपारी ४.३०

इथे माझी मुलं इंग्रजीतून वाढताहेत, त्यामुळे धागा अधाशासारखा वाचतेय. एक माहिती. सशाच्या बिळातून खाली पडणाऱ्या ॲलिसची गोष्ट १८६५ मध्ये छापली गेली. त्याच्या तीन वर्षं आधी, ४ जुलै १८६२ ला, नावेतून फिरताना तीन बहिणींनी हट्ट धरला म्हणून ती तोंडी सांगितली होती. हाताने लिहून दिलेल्या पहिल्या प्रतीच्या नावातच 'जमिनीखाली' होतं. तेव्हा ओसरी, तुम्ही रोज रात्री एक कागदावर लिहून ठेवा.

डोहकरी | गुरुवार, रात्री १०.०५

सगळं आलं, पण गोष्ट पुढे सरकायला वर-खालचा व्यवहार पाहिजे. पोरं खाली कशाला गेली? नुसती बघायला? मग दोन दिवसांत कंटाळतील.

आमच्या गावच्या नदीत एक डोह आहे. पूर्वी कुणाकडे लग्न निघालं की आदल्या संध्याकाळी डोहाकाठी हळदकुंकू वाहून सांगून यायचं: एवढी पंगत आहे, एवढी भांडी लागतील. सकाळी भांडी काठावर हजर. कार्य उरकलं की घासूनपुसून, मोजून परत पाण्यात सोडायची. एकदा कुणीतरी एक पळी ठेवून घेतली. त्या दिवसापासून डोहाने भांडी देणं बंद केलं.

कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री १०.२०

आमच्याकडेही आहे! पण पळी नाही, वाटी.

भुसावळ_पॅसेंजर | गुरुवार, रात्री १०.३१

आमच्याकडे तळं आणि झारा.

चिंचगूळ | गुरुवार, रात्री १०.४०

माझ्या माहेरी किल्ल्यावरचं टाकं. चोर शेजारच्या गावचा होता, असं आमच्या गावात सांगतात. शेजारच्या गावात काय सांगतात ते विचारायला पाहिजे.

पोथीवाले_आजोबा | शुक्रवार, सकाळी ६.१०

उत्तंक कुंडलांसाठी गेला, लांडोबा-पुंडोबा शेपटांसाठी वर आले. डोहकरींनी नस बरोबर पकडली. खालचं काहीतरी वर राहून गेलेलं असलं की दार आपोआप सापडतं.

ओसरी | रविवार, रात्री ११.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन रात्रींचा वृत्तान्त देते.

शुक्रवारी पोरांना वर काढलं आणि नव्याने खाली पाठवलं. थोरल्याने आधी हरकत घेतली, ती पडली होती ना म्हणून. मी म्हटलं, ती चुकीची बातमी होती. कंदील दोरीने सोडला. ज्योत आखडली, काजव्याएवढी झाली, गेली. खोलीत दोघंही श्वास धरून बसलेले. मग दुपारपर्यंत थांबायला लावलं. गोष्टीतली दुपार जाण्यासाठी धाकटीने खरोखर पाणी पिऊन यायची परवानगी मागितली.

काल काळी जमीन, मग तांबडी. काळ्या दगडाला गण्याचा कंदील लागला आणि आतली पोकळी उघडली. थोरल्याने विचारलं, मणी स्वतः चमकतात का? नाही म्हटल्यावर तो खूश झाला. मग उजेडाच्या गोलांची वाट आणि शेवटी एक मोठी खोली. फळ्यांवर भांडीच भांडी. परातीत परात, तांब्यात पेला, सगळं ओळीने. एका खुंटीवर मात्र काहीच नाही. खुंटीखाली एक म्हातारी दिवा धरून बसलेली. ती पोरांना एवढंच विचारते, "आणलंत का?"

घोडा अजून राखून ठेवलाय.

आज सकाळी उठून बघते तर धाकटी स्वयंपाकघरात स्टुलावर उभी. मांडणीवरचं प्रत्येक भांडं उलटं करून बघतेय. तिला वाचता येत नाही, पण भांड्यावर नाव घातलेलं असतं हे माहीत आहे. अक्षरं दिसली की ते भांडं बाजूला ठेवत होती. आजेसासूबाईंच्या लग्नातली पातेली, सासूबाईंचा डबा, माझ्या आईने दिलेले पेले. शेवटी हातात उरलं एक पितळेचं ओगराळं. दांडा थोडा वाकलेला. त्याच्यावर नाव नाही.

दिवसभर ते तिच्या हातात होतं. आता उशाशी घेऊन झोपली आहे. उद्या परत द्यायला जायचं ठरलंय.

चिंचगूळ | रविवार, रात्री ११.२४

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत)! पण ओगराळं आहे कुणाचं?

ओसरी | रविवार, रात्री ११.४०

सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, माहीत नाही गं, मी या घरात आले तेव्हापासून आहे.